वेळासचा कासव महोत्सव : जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे समुद्रकाठचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं गाव ही जुनी ओळख, आता कासवांचं गाव.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसंच खणून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांना. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. पहाटे किनारा फिरायचा, घरटं शोधायचं, अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

२००६ पासून महोत्सव भरतो. राहणं-जेवण गावातल्या घरांतच, म्हणून पैसा थेट त्या घरात जातो. राखण टिकली ती यामुळंच, असं मला वाटतं. अंडी विकून पैसे एकदाच मिळतात, पिल्लं बघायला माणसं दरवर्षी येतात.

हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, निघाली असतील तरच. रविवार बघून यायला ती काय एसटी आहे? दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, हात तर लावायचाच नाही. पाण्यापर्यंत पिल्लानं आपलं आपण चालत जायचं असतं.

घरी शिजेल तेच जेवायला मिळतं. आधी कळवूनच जा. ऐनवेळी दहा माणसं दारात उभी राहिली की घरच्या बाईची तारांबळ उडते.