शिकारी रायफलीची गोळी

शिकारी रायफलीची गोळी : रायफलीच्या काडतुसातून सुटून जनावराच्या शरीरात शिरणारा धातूचा तुकडा. काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कोश, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. पहिले तीन भाग गोळीला वेग देतात. जनावर जागीच पडेल की जायबंदी होऊन तासन्‌तास तडफडेल, हे मात्र गोळीची घडण आणि ती कोठे लागते यांवर ठरते. म्हणून शिकारी गोळीची निवड ही जनावराला लवकरात लवकर व कमीत कमी वेदनेने मरण येण्यासाठीची जबाबदारी मानली जाते.

येरवडा व खडकी : भारतात शिकारी रायफलीची काडतुसे पुण्यातील खडकी येथे बनतात. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. लष्करी दारूगोळ्याबरोबर येथे परवानाधारक नागरिकांसाठी १२ बोअरची छऱ्याची आणि ०.३१५ इंची रायफलीची काडतुसे तयार होतात. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हा कारखाना चालवणारे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचा कारखाना त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. या कंपनीचे मुख्य कार्यालय येरवड्यात नगर रस्त्यावर आहे.

०.३१५ हे माप ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी. मानलिखर लष्करी काडतुसावरून आले. ०.३०३ हे सैन्याचे माप नागरिकांना बंद असल्याने भारतात ०.३१५ रायफल रूढ झाली. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती बनते. तिची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम वजनाची, मऊ टोकाची आणि मध्यम वेगाची असते.

युद्धातील व शिकारीतील गोळी : सैनिकी गोळीचे शिसे तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात पूर्ण झाकलेले असते. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ०.३०३ ची अशी गोळी शत्रूला थांबवत नाही, अशी तक्रार ब्रिटिश सैन्यातून आली. तेव्हा कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा १८९९ च्या हेग परिषदेत निघाला. शिकारीत मात्र पसरणारी गोळीच आवश्यक ठरते. युद्धात जखमी सैनिक लढण्यास असमर्थ झाला की हेतू साधतो. शिकारीत जखमी जनावर निसटले तर तो क्रूरपणा ठरतो. पूर्ण कवचाची गोळी हरणातून आरपार गेली, तर जखम अरुंद राहते, रक्ताचा माग कमी पडतो आणि जनावर दूर जाऊन मरते.

घडण व प्रकार : चांगल्या शिकारी गोळीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. तिने पसरून रुंद जखम करायची असते आणि तुकडे न होता हृदय व फुप्फुसांपर्यंत पोचायचेही असते. साध्या मऊ टोकाच्या गोळीत कवचात शिसे नुसते बसवलेले असते. मध्यम वेगाला ती छत्रीसारखी उमलते. जवळून फार वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली, तर फुटून वरवरची जखम करते. हा दोष टाळण्यासाठी अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये मधोमध आडवी भिंत असलेली गोळी विक्रीला आणली. तिचा पुढचा भाग पसरतो, तर भिंतीमागचे शिसे शाबूत राहून आत शिरते. शिसे कवचाला पक्के सांधणे हा दुसरा उपाय. तिसरा प्रकार संपूर्ण तांब्याच्या गोळीचा. १९८९ मध्ये बाजारात आलेली बार्न्स एक्स ही त्यातली गाजलेली गोळी. तिच्या टोकाच्या पोकळीमुळे पाकळ्या उघडतात आणि वजन जवळजवळ घटत नाही. लांब पल्ल्यावर वेग बराच उतरला, तर अशा गोळीच्या पाकळ्या पुरत्या उघडत नाहीत.

आफ्रिकी माळावरील जनावरे : सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा यांसारख्या धोकादायक जनावरांखेरीज इतर हरणे, कुरंग, झेब्रे, रानडुकरे यांना आफ्रिकेतील शिकारी ‘प्लेन्स गेम’ म्हणतात. दक्षिण आफ्रिका व नामिबियात त्यांची शिकार कायदेशीर आहे. या गटात वजनाचा पल्ला फार मोठा आहे. स्प्रिंगबक सुमारे ४० किलोचा, म्हणजे आपल्या काळविटाएवढा. गेम्सबक व कुडू यांचे नर नीलगायीच्या नराएवढे, दोनशे किलोंच्या वर. ईलंडचा मोठा नर ९०० किलोंपर्यंत भरतो. एकाच दिवशी यांतले काहीही समोर येऊ शकते. म्हणून सर्वांत मोठ्या अपेक्षित जनावराला पुरेल अशी गोळी घेतात.

नामिबियात नळीच्या तोंडाशी असलेल्या किमान ऊर्जेचे नियम आहेत. स्प्रिंगबकसारख्या लहान हरणांसाठी १,३५० जूल, तर कुडू, गेम्सबक, ईलंड यांच्यासाठी २,७०० जूल लागतात. ०.३०-०६ रायफलीची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मी. वेगाने सुटते. तिची ऊर्जा ३,९०० जूलांच्या आसपास असते. ऊर्जेचा हा आकडा गोळी किती खोल जाईल ते सांगत नाही. त्यासाठी जाडीच्या मानाने वजन आणि घडण पाहावी लागते.

निवडीचे निकष : (१) जनावराचे वजन व हाडांची जाडी. लहान हरणाला मऊ गोळी चालते, तर झेब्रा व ईलंड यांना वजनदार, शाबूत राहणारी गोळी लागते. (२) अंतर व वेग. झुडपी रानात ५० मीटरवर कडक गोळी उपयोगी, तर मोकळ्या माळावर २५० मीटरवर सहज उमलणारी. (३) कोन. जनावर तिरके उभे असेल, तर गोळीला पोटातून किंवा जाड स्नायूंतून छातीपर्यंत जावे लागते. (४) कळप. आरपार गेलेल्या गोळीने मागचे जनावर जखमी होऊ शकते. (५) शिकाऱ्याची क्षमता. रायफलीचा झटका पेलवत नसेल, तर मोठ्या गोळीने नेम बिघडतो. नेमक्या जागी लागलेली मध्यम गोळी चुकीच्या जागी लागलेल्या जड गोळीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. आफ्रिकी कुरंगांचे हृदय छातीत खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असते. त्यामुळे पायाच्या रेषेत, शरीराच्या खालच्या तृतीयांशावर नेम धरायला शिकवतात. गोळीचा प्रकार किंवा वजन बदलले की मारा सरकतो. म्हणून शिकारीला वापरायच्या गोळीनेच आधी निशाणावर नेम जुळवावा लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती : १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कलम ११ प्रमाणे काही विशिष्ट परिस्थितींतच परवानगी मिळते. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या व नीलगायींच्या बाबतीत वन विभाग अटींवर ती देतो. तेथे परवानाधारकाच्या हाती बहुधा ०.३१५ असते. जड, मध्यम वेगाची तिची मऊ गोळी जवळच्या अंतरावर रानडुकरात खोल जाते. लांबवर ती लवकर खाली उतरते, म्हणून तेथे बार टाळणे योग्य. छऱ्याचे काडतूस अशा जनावरांवर वापरणे अत्यंत चुकीचे आहे. छर्रे चरबीत व स्नायूंत अडकतात आणि जनावर जखमा घेऊन दिवसेंदिवस फिरते.

शिसे व पर्यावरण : शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण मांसात व टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. ते खाल्ल्याने गिधाडे व गरुड यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने कंडोर पक्ष्यांच्या रक्षणासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. भारतात डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधामुळे गिधाडे आधीच विरळ झाली आहेत. म्हणून परवानगीने मारलेल्या जनावराचे अवशेष पुरून टाकणे आणि तांब्याच्या गोळ्या देशात तयार होणे, या दोन्ही गोष्टींची येथे गरज आहे. खडकीसारख्या दीडशे वर्षांच्या कारखान्याला हे काम हाती घेता येण्यासारखे आहे.