नाक्यावरच्या जकातीपासून दिल्लीच्या हप्त्यापर्यंत : नाशिकच्या तिजोरीची गोष्ट



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की, अनुदान म्हणजे लेखा विभागाची भानगड, त्यात इतिहास कसला? पण गावाचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर पैसा कुठून येतो आणि कोणत्या अटीवर येतो, हे आधी पाहावं लागतं.

नाशिक नगरपालिका १८६४ सालची. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. गावाचे प्रश्न गावानं सोडवावेत, हा त्याचा गाभा. पण स्वराज्याला खर्चही येतो, आणि त्या काळच्या नगरपालिकांचा आधार होता घरपट्टी आणि जकात. म्हणजे गावचा पैसा गावातच गोळा व्हायचा. थोडा असेल, पण हक्काचा.

आता एकदम १९८२ वर येऊ. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. क्षेत्रफळ साधारण २५९ चौरस किलोमीटर. पहिली दहा वर्षं प्रशासकाची. पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती हद्दीत असल्यामुळे कच्चा माल नाक्यावरून आत यायचा आणि जकात जमा व्हायची. रोजच्या रोज, रोख. जकात नाक्यांवरच्या रांगा आणि त्यातला गैरव्यवहार यांबद्दल तक्रारी भरपूर होत्या, त्या खऱ्याही होत्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या गावाकडे रोजचा हक्काचा पैसा असतो, त्याला सावकार उभा करतो.

याचा पुरावा १९९९ सालचा आहे. त्या वर्षी नाशिक महापालिकेनं १०० कोटींचे कर्जरोखे बाजारात आणले, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी. तेही राज्य सरकारची हमी न घेता! अहमदाबादनं असे रोखे काढून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. गुंतवणूकदारानं काय पाहून पैसे दिले? महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न पाहून.

पुढचा टप्पा डिसेंबर २००५ चा. केंद्रानं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. आपण सगळे त्याला जेएनएनयूआरएम म्हणायचो. निवडलेल्या शहरांत नाशिक होतं. दहा लाखांवरच्या आपल्यासारख्या शहराला हिशेब असा : केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के, आणि उरलेले ३० टक्के महापालिकेचे.

हे ३० टक्के नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘शहराला इतके कोटी मंजूर’. वाचणाऱ्याला वाटतं, पैसे आले. प्रत्यक्षात मंजुरी म्हणजे एक रांग असते, बरं का. आधी शहर विकास आराखडा. मग प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता. त्यानंतर पहिला हप्ता, २५ टक्क्यांचा. तो खर्च करायचा, स्वतःचा हिस्साही घालायचा, आणि ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं. तेव्हा पुढचा हप्ता. स्वतःचा हिस्सा वेळेवर घातला नाही, तर दिल्लीचाही पैसा अडतो.

शिवाय सुधारणांच्या अटी होत्या : दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब, मालमत्ताकराची फेररचना, पाण्याचा खर्च पाणीपट्टीतून वसूल करणं. यातल्या काही अटींनी कारभार खरोखर सुधारला, हे कबूल केलं पाहिजे. मुकणे धरणातून थेट जलवाहिनीनं पाणी आणण्याची योजनाही याच अभियानातून मंजूर झाली. पण घरकुल योजनेत दुसरी बाजू दिसली. चुंचाळेसारख्या ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या, पण सगळी मंजूर घरं बांधायला जागाच मिळेना. अनुदान दिल्लीहून येऊ शकतं, जमीन नाही येत!

आता ज्या काळात अनुदानाची ही सवय लागत होती, त्याच काळात हक्काचं उत्पन्न काय झालं ते बघा. २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा एलबीटी बंद झाला. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. राज्यानं कायदा करून महापालिकांना भरपाई ठरवून दिली. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढ. दरमहा पैसे येतात, आणि तेवढ्यावर पगार होतात. पण शब्द बदलला, तो पाहा. कालपर्यंत जे उत्पन्न होतं, ते आज जीएसटी अनुदान झालं. ज्याचा दर आपण ठरवत नाही, जे आपण गोळा करत नाही, ते मिळालं तरी आपलं किती?

याच सुमारास स्मार्ट सिटी आली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुणे आणि सोलापूर होतं, आपण नव्हतो. आपली निवड झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. केंद्राचे ५०० कोटी, आणि तेवढेच राज्य आणि महापालिका मिळून. कामासाठी स्वतंत्र कंपनी, म्हणजे पैसा महासभेच्या हातून नाही तर संचालक मंडळाच्या हातून जाणार. नवी मुंबईच्या महासभेनं याच मुद्द्यावर योजनेला नकार दिला होता. नाशिकनं स्वीकारलं. त्यातून कालिदास कलामंदिराचं नूतनीकरण झालं, आणि अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम सव्वा किलोमीटरचाही नसलेला स्मार्ट रस्ता झाला. तो किती दिवस खोदलेला होता, ते मी सांगायला नको.

आणखी एक उदाहरण. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. पेढे वाटले गेले. पुढे वर्षं उलटली, निओ मेट्रो काही रस्त्यावर आली नाही. अर्थसंकल्पातला आकडा आणि तिजोरीतला रुपया यांत गोदावरीएवढं अंतर असतं.

मग करायचं काय, अनुदान घ्यायचंच नाही? तसं कसं चालेल! दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. लाखो भाविकांचा भार एकट्या नाशिककराच्या घरपट्टीवर टाकणं अन्यायाचं आहे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. त्यानंतर २०१५ साठी नवे घाट आणि रस्ते झाले, तो पैसा जीव वाचवणारा होता. येऊ घातलेल्या सिंहस्थासाठी तर राज्यानं २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणच नेमलं. पण शाही स्नान उरकतं, साधू-महंत परततात, आणि घाटावरचे दिवे, रस्ते, शौचालयं महापालिकेच्या गळ्यात राहतात. बांधायला अनुदान मिळतं. झाडायला, दुरुस्त करायला मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी ‘नाशिकला इतके कोटी’ असा मथळा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपला हिस्सा किती, आणि तो कुठून येणार? काम झाल्यावर त्याची देखभाल कोण करणार? आणि हे काम आपल्याला हवं होतं म्हणून पैसा आणला, की पैसा होता म्हणून काम शोधलं? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात हे प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. सभागृह असो वा नसो, विचारायची सवय मात्र आपली असली पाहिजे. पाहुण्याच्या पैशानं मांडव घालता येतो; घर चालवायला आपलीच कमाई लागते.