महिला फुटबॉल : इंग्लंडची पन्नास वर्षांची बंदी ते भारताच्या पोरींचा आशियाई चषक

फुटबॉल म्हटलं की आपल्या मोबाईलवर मेस्सी आणि रोनाल्डोचे स्टेटस दिसतात. पुरुषांचा विश्वचषक सुरू झाला की कोल्हापुरात तर गल्लोगल्ली देशोदेशीचे झेंडे लागतात. पण भारताच्या पोरी फुटबॉलमध्ये दोन वेळा आशियात दुसऱ्या आल्या होत्या, हे किती जणांना माहीत आहे? म्हणून ही माहिती एका जागी देत आहे.

बायकांचा फुटबॉल अलीकडचा आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरा नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन शहरात डिक कर नावाचा कारखाना होता. एरवी तिथे ट्राम आणि रेल्वेचं सामान बनायचं, युद्धात दारूगोळा बनू लागला. तिथल्या कामगार बायकांनी १९१७ मध्ये आपला संघ काढला, नाव ‘डिक कर लेडीज’. तिकिटाचा पैसा जखमी सैनिकांच्या मदतीला जायचा. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. हजारोंना तर आत जागाच मिळाली नाही.

आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने फर्मान काढलं. हा खेळ बायकांना योग्य नाही, आमच्या कुठल्याही क्लबने त्यांना मैदान द्यायचं नाही. लोक येत नव्हते म्हणून हा खेळ मागे पडला, असं आज कोणी म्हटलं तर ही तारीख सांगावी. बंदी उठायला पन्नास वर्षं लागली आणि संघटनेने माफी मागितली ती २००८ मध्ये! फुटबॉलवेड्या ब्राझीलनेही १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना खेळायची मनाई केली होती. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० बंदी होती.

तरी बायका खेळतच राहिल्या. १९७१ मध्ये मेक्सिकोत एक स्पर्धा झाली. तिला फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची मान्यता नव्हती. तरीही अंतिम सामन्याला अझ्टेका स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस होता असं सांगतात. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० ने हरवलं.

फिफाने स्वतःचा पहिला महिला विश्वचषक भरवला तो थेट १९९१ मध्ये, चीनमध्ये. पुरुषांचा १९३० पासून चालू होता. त्या पहिल्या स्पर्धेला ‘विश्वचषक’ नाव द्यायलाही फिफा कचरत होती आणि सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवले होते. अमेरिका जिंकली. १९९६ ला ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल आला. १९९९ चा अंतिम सामना अमेरिकेत ९० हजारांच्या वर प्रेक्षकांनी मैदानात बसून बघितला. अमेरिकेच्या बायकांकडे आज चार विश्वचषक आहेत, त्यांच्या पुरुषांकडे एकही नाही. तरी मानधन पुरुषांना जास्त होतं. आपल्याकडे शेतात गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, तसंच हे. त्या २०१९ ला कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये संघटनेला समान मानधन कबूल करावं लागलं. २०२३ चा विश्वचषक स्पेनने जिंकला.

भारतात काय झालं?

आपल्याकडे बंदी कधीच नव्हती. १९७५ मध्ये महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ निघाला. काही वर्षांनी केरळात कालिकतला आशियाई स्पर्धा झाली. त्यात भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक थेट अंतिम सामन्यात गेला. १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूंमध्ये त्या पहिल्या.

त्यानंतर घसरण लागली. नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. पण सामनेच इतके कमी झाले की २००९ मध्ये फिफाने भारताच्या महिला संघाला क्रमवारीतूनच वगळलं. आशियात दोनदा दुसरा आलेला संघ यादीतही नाही! फर्मान न काढताही खेळ बंद पडू शकतो, तो असा. दुर्लक्ष पुरतं.

संघ टिकला तो मणिपूरसारख्या राज्यांतल्या पोरींमुळे. मणिपूरच्या बेमबेम देवी लहानपणी मुलाचं नाव सांगून मुलांच्यात खेळायच्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दक्षिण आशियाई स्पर्धा भारताने २०१० पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. क्लबांची इंडियन विमेन्स लीग २०१७ ला सुरू झाली. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळायला गेली.

जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषक आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. इराणशी ०-० बरोबरी झाली आणि मग संघात कोरोना शिरला. पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या राहिना, भारत बाद. विश्वचषकाची संधीही गेली. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात भरला. अंतिम सामना नवी मुंबईत झाला. भारत अमेरिकेकडून ८-० ने हरला, पुढचे दोन्ही सामनेही गेले. पण भारताची कर्णधार अस्तम ओरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची. तिच्यामुळे गावात रस्ता मंजूर झाला आणि तिचे आई-वडील त्याच रस्त्याच्या कामावर रोजंदारीला होते.

जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचायची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

शाळेत शिकणाऱ्या मुलींसाठी रस्ता असा : सुब्रतो मुखर्जी फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा वेगळा गट असतो आणि तिची सुरुवात खालच्या पातळीवरून होते. त्यासाठी शाळेने संघाची नोंद जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे करायची असते. तारखा क्रीडाशिक्षकांना कळवल्या जातात, त्यांच्याकडे चौकशी करावी.