कलकत्त्याचा चिनी शेजार

कलकत्त्याला गेलात तर भल्या पहाटे टिरेटा बाजार गाठा. गरमागरम मोमो आणि माशाच्या गोळ्यांचे सूप रस्त्यावरच मिळते. ही चिनी वस्ती जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अच्यू याने वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी जमीन मिळवून साखर कारखाना काढला. त्याच्याच नावावरून तिथल्या गावाला अछीपूर म्हणतात. पुढे हाक्का मंडळींनी टांगऱ्यात चामडे कमावण्याचे कारखाने उभारले. १९६२च्या युद्धात मात्र आसाम-बंगालकडच्या सुमारे ३००० चिनी वंशीयांना, बायकामुलांसकट, खटला न चालवता राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले. कित्येकांचा जन्म इथलाच! सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. राहिलेल्यांच्या टांगऱ्यात आज चिनी कालीमंदिर आहे. पावणेदोनशे वर्षांचा शेजार मोडायला महिनाभराची लढाई पुरली, एवढे आपण सोसायटीवाल्यांनी ध्यानात ठेवावे.