इंग्रजीने गमावलेला ‘स्व’

मायसेल्फ, अवरसेल्व्ज, युवरसेल्फ, हिमसेल्फ, देमसेल्व्ज. आत्मवाचक सर्वनामांचा हा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत घोकला आहे. तो घोकताना एक विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘माय’, ‘अवर’, ‘युवर’ ही षष्ठीची रूपे: माझा, आमचा, तुझा. ‘हिम’ आणि ‘देम’ मात्र त्याला, त्यांना या अर्थाची. एकाच तक्त्यात हा दुजाभाव का? ‘हिजसेल्फ’ का नाही? इंग्लंड-अमेरिकेतल्या बोलींमध्ये ‘हिजसेल्फ’, ‘देअरसेल्व्ज’ म्हणणारी माणसे आजही आहेत आणि त्यांना अडाणी समजले जाते. तक्त्याच्या हिशेबाने पाहिले तर त्यांचेच बोलणे जास्त सुसंगत आहे. भाषाविज्ञानाच्या कोणत्याही वर्गात न बसलेला मी या एका प्रश्नामागे बरीच वर्षे हिंडलो. हा तक्ता म्हणजे एका हरवलेल्या शब्दाची भरपाई आहे, असे माझे मत झाले आहे.

हरवलेला शब्द आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘स्व’, लॅटिनमधला ‘से’, जर्मनमधला ‘झिश’ ही एकाच कुळातली भावंडे. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल उतरवले, त्यात हाच शब्द ‘सिक’ या रूपात भेटतो. पण अँगल्स आणि सॅक्सन टोळ्यांच्या ज्या भाषेचे पुढे इंग्रजी झाले, तिच्या सर्वांत जुन्या लेखनातही तो नाही. उरले होते ते फक्त ‘सीन’, म्हणजे आपल्या ‘आपला’सारखे षष्ठीचे रूप. तेही मुख्यतः कवितेत, आणि पुढे तेही गेले. ‘रामने आपले पुस्तक घेतले’ आणि ‘रामने त्याचे पुस्तक घेतले’ हा भेद मराठी मूल न शिकवता करते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’च.

जुन्या इंग्रजीत ‘हे हिने ऑफ्स्लोह’ असे वाक्य केले तर त्याचा अर्थ ‘त्याने त्याला मारले’ असाही होई आणि ‘त्याने स्वतःला मारले’ असाही. खून की आत्महत्या, हे व्याकरण सांगत नसे. मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवायचे. अशा भाषेत लोकांनी शतकानुशतके व्यवहार केला, याचे मला प्रथम फार नवल वाटले. नंतर ध्यानात आले की बहुतेक क्रियापदे आपला कल स्वतःच सांगतात. अंघोळ करणे, कपडे घालणे, आडवे होणे या क्रिया माणूस बहुधा स्वतःच्याच बाबतीत करतो. मारणे, शिव्या देणे, स्तुती करणे या क्रिया बहुधा दुसऱ्याच्या वाट्याला जातात. अडचण येई ती दुसऱ्या गटात, जेव्हा कोणी खरोखरच स्वतःवर उलटे.

तिथे ‘सेल्फ’ मदतीला आला. तो मुळात आत्मवाचक नव्हताच. तो जोर देणारा शब्द होता, ‘राजा स्वतः आला’ यातल्या ‘स्वतः’सारखा. नामाबरोबर त्याची विभक्ती चाले. ‘त्याने त्याला मारले, त्यालाच’ असे ठासून सांगायचे तर ‘हिने’ला ‘सेल्फने’ जोडत. शिवाय ‘हे हिम सेल्फ’ अशीही एक रचना होती. तिच्यातला ‘हिम’ चतुर्थीचा, साधारण आपल्या ‘त्याचे तोच’ या वळणाचा. हा ‘हिम’ आणि ‘सेल्फ’ शेजारी राहून राहून एकजीव झाले. ‘हिमसेल्फ’मध्ये ‘हिज’ का नाही, याचे उत्तर इथे आहे.

मग ‘मायसेल्फ’ कुठून आले? आधी ‘मी सेल्फ’ होते, ‘मी’ म्हणजे मला. अभ्यासकांचा कल असा की घोटाळा ‘हर’मुळे झाला. ‘हर’ म्हणजे तिला आणि ‘हर’ म्हणजे तिचा. ‘हर सेल्फ’ ऐकणाऱ्याला ‘तिचा सेल्फ’ असे वाटू लागले, म्हणजे ‘सेल्फ’ हे नाम झाले. नाम झाले की ‘माझा’, ‘तुझा’ लागणारच. ‘हिम’ तोवर घट्ट बसला होता, तो हलला नाही. नामाला अनेकवचन हवे म्हणून सोळाव्या शतकात ‘सेल्व्ज’ रूढ झाले. त्याआधी ‘देम सेल्फ’ चाले. या उलथापालथीत एक फायदाही झाला. प्रमाण इंग्रजीत ‘यू’ एकाला म्हटले की अनेकांना, हे कळत नाही, पण ‘युवरसेल्फ’ आणि ‘युवरसेल्व्ज’ यांत तो भेद अजून जिवंत आहे.

अमेरिकन भाषावैज्ञानिक एडवर्ड कीनन यांनी सुमारे ७५० ते १७५० या हजार वर्षांतली उदाहरणे गोळा करून पाहिली. साधी ‘हिम’, ‘मी’ ही रूपे मागे पडून ‘सेल्फ’वाल्या रूपांचे पारडे जड झाले ते सोळाव्या शतकाच्या आसपास. १६११च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. आपल्या फादर स्टीफन्सचा काळही हाच. १५७९ साली गोव्यात उतरून १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारा हा इंग्रज ज्या इंग्रजीत वाढला, तिचे हे घर अजून बांधून व्हायचे होते.

पुढची गोष्ट क्रियापदांची आहे आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. नवे सर्वनाम हाती येताच इंग्रजी ते टाकायलाही लागली. ‘रिपेंट’ म्हणजे पस्तावणे, याच्यामागे पूर्वी ‘मी’ लागे, आता काहीच लागत नाही. ‘बिहेव’ हे ‘हॅव’पासून झालेले, म्हणजे मुळात ‘स्वतःला धरणे, सांभाळणे’. आज नुसते ‘बिहेव’ही चालते. ‘वॉश’, ‘शेव्ह’, ‘ड्रेस’ एकटे उभे राहतात. फ्रेंच आणि जर्मन माणसाला दाढी करताना आत्मवाचक सर्वनाम सोडता येत नाही. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजीची ही प्रवृत्ती नोंदवून ठेवली आहे. ‘अव्हेल’, ‘प्राइड’, ‘अ‍ॅब्सेंट’ अशी काही मोजकी क्रियापदे मात्र अजून हट्टी आहेत. ‘बास्क’ची तर कथाच वेगळी. उन्हात शेकत पडणे या अर्थाचा हा शब्द बहुधा नॉर्स ‘बाधास्क’पासून आला, म्हणजे ‘स्वतःला न्हाऊ घालणे’. त्याच्या शेवटचा ‘स्क’ म्हणजे तोच हरवलेला ‘सिक’. इंग्रजीने आपला गमावला आणि व्हायकिंगांकडून उचललेल्या शब्दात नकळत परत आणला. डच भाषेने हाच शब्द उघडपणे जर्मनकडून उसना घेतला.

हे सारे वाचल्यावर आपल्याकडच्या दोन ‘चुकां’कडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. ‘वी एन्जॉइड अ लॉट’ लिहिले की पेपरात लाल रेघ येते, ‘अवरसेल्व्ज’ राहिले म्हणून. आपण ‘आम्ही मजा केली’ म्हणतो, त्यात ‘स्वतःला’ कुठे असते? शिवाय सर्वनाम गाळणे ही तर इंग्रजीचीच जुनी चाल. अमेरिकेत ताट पुढे ठेवताना नुसते ‘एन्जॉय’ म्हणतात, त्याला कोणी रेघ मारत नाही. दुसरी चूक ‘मायसेल्फ सुनील’. मुलाखतीला आलेल्या खेड्यातल्या पोराने असे म्हटले की पलीकडे हसू फुटते. हे प्रमाण इंग्रजी नव्हे, हे मान्य. पण ‘सेल्फ’ जन्मला तो कर्त्यावर जोर द्यायला, आणि शेक्सपिअरच्या काळी ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता म्हणून वाक्यात येऊ शकत असे. हसणाऱ्याला निदान एवढे तरी ठाऊक असावे.

जुनी रीत आजच्या शिष्ट इंग्रजीतूनही पुरती गेलेली नाही. ‘ही लुक्ड बिहाइंड हिम’ हे वाक्य घ्या. त्याने मागे वळून पाहिले, की दुसऱ्या कोणाच्या मागे पाहिले? आल्फ्रेड राजाच्या प्रजेप्रमाणे आजचा इंग्रजही ते संदर्भावरूनच ठरवतो.