न मिळालेली पदवी

पाणी पिण्याजोगें आहे किंवा नाहीं हें आपल्याकडे पूर्वीं डोळ्यांनीं आणि जिभेनें ठरवीत. आडाचें पाणी नितळ दिसलें, त्यास वास नसला आणि त्यांत डाळ लवकर शिजली, म्हणजे गृहिणीचें समाधान होई. आज हें काम शिकलेल्या माणसांकडे आलें आहे व त्या शिक्षणाला पर्यावरण अभियांत्रिकी असें नांव आहे. या विषयांत एम्. टेक्. व्हावयाचें, तर बहुधा अभियांत्रिकीची पहिली पदवी हातीं असावी लागते. पुढें दोन वर्षें व्याख्यानें, प्रयोगशाळेंतील काम आणि शेवटीं प्रबंध, असा क्रम असतो. या अटी आतां इतक्या रूढ झाल्या आहेत कीं, त्यांचा उगम कोठें झाला हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. अट ही विद्येचें माप म्हणून घातलेली असते खरी. परंतु माप घालणाऱ्याचा हात कधींकधीं आखडतो. ज्या बाईंच्या प्रयोगशाळेंत अमेरिकेंतील या विद्येचे पहिले विद्यार्थी तयार झाले, त्यांच्याच बाबतींत तो आखडला होता.

एलेन स्वॅलो हिचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डन्स्टेबल या खेड्यांत झाला. आईबाप दोघेही शिक्षक. परंतु बापानें पुढें शेती व दुकानदारी पत्करली. मुलीनें दुकानांत काम केलें, शिकवण्या केल्या, पै पै जमविली, आणि पंचविशी उलटल्यावर व्हॅसर येथील स्त्रियांच्या कॉलेजांत प्रवेश घेतला. १८७० सालीं तिला पदवी मिळाली. रसायनशास्त्राची तिला गोडी लागली होती. रसायनांचा धंदा करणाऱ्यांकडे तिनें काम मागून पाहिलें. तें मिळालें नाहीं. तेव्हां बॉस्टन येथें नुकत्याच निघालेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेकडे तिनें अर्ज केला. तेथें तोंपर्यंत एकही स्त्री शिकत नव्हती.

संस्थेनें तिला घेतलें, तेंही फी माफ करून. एलेनला वाटलें, आपल्या गरिबीचा विचार झाला. खरें कारण तिला मागाहून समजलें. कोणी हरकत घेतली, तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, असें सांगण्यास वाट राहावी, म्हणून ती माफी होती. हें आधीं कळतें तर आपण तेथें पाऊलच टाकलें नसतें, असें तिनें पुढें बोलून दाखविलें आहे. परंतु आंत गेल्यावर ती डगमगली नाहीं. प्रयोगशाळा झाडणें, अध्यापकांचे कागद नीट लावणें, कोणाचें उसवलेलें शिवून देणें, हीं कामें ती आपण होऊन करी. बाईमाणसानें शास्त्र शिकलें म्हणजे घर बुडतें, असें म्हणण्यास कोणाला जागाच ठेवावयाची नाहीं, हा तिचा हिशेब होता. या हिशेबांत धूर्तपणा होता, तसा नाइलाजही होता. बरोबरीच्या मुलांना तो मांडावा लागला नाहीं.

१८७३ सालीं तिला संस्थेची बी. एस्. पदवी मिळाली. त्याच वर्षीं लोखंडाच्या एका खनिजांतील व्हॅनेडियम या धातूवरील प्रबंधाबद्दल व्हॅसरनें तिला एम्. ए. केलें. पुढें आणखी दोन वर्षें तिनें बॉस्टनांतच अभ्यास केला, तो डॉक्टर या पदवीच्या आशेनें. ती पदवी तिला मिळाली नाहीं. संस्थेची रसायनशास्त्रांतील पहिली डॉक्टर एक स्त्री व्हावी, हें विभागाच्या चालकांना रुचलें नसावें, असें कारण तिच्या पतीनें पुढें दिलें. आणि ते स्वतः त्याच संस्थेंत खाणशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळें त्यांच्या शब्दास वजन आहे. डॉक्टर पदवी ज्यांस प्रथम दिली, असे विद्यार्थी संस्थेला १९०७ सालीं मिळाले.

प्रा. रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशीं तिचा विवाह १८७५ त झाला. दुसऱ्याच वर्षीं रिचर्ड्सबाईंच्या खटपटीनें संस्थेंत स्त्रियांसाठीं निराळी प्रयोगशाळा निघाली. तेथें त्यांनीं वेतन न घेतां शिकविलें, उलट पदरचे पैसे घातले. स्त्रियांना इतरांप्रमाणें प्रवेश मिळूं लागल्यावर १८८३ त ही प्रयोगशाळा बंद झाली, आणि जिच्यामुळें दार उघडलें तिलाच कांहीं काळ काम उरलें नाहीं. १८८४ सालीं आरोग्य-रसायनशास्त्राच्या शिक्षिका म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यांचें मोठें काम यापुढचें. १८८७ त मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळानें संस्थानांतील पिण्याच्या पाण्याची पाहणी हातीं घेतली. प्रमुख होते प्रा. टॉमस ड्राउन, परंतु नमुने तपासण्याचा रोजचा भार रिचर्ड्सबाईंवर होता. वीस हजारांहून अधिक नमुने त्यांच्या प्रयोगशाळेंतून गेले. त्यांतून जो नकाशा निघाला, त्याची युक्ति मोठी सुंदर आहे. समुद्रावरील वारा व पाऊस यांच्याबरोबर थोडें मीठ जमिनीवर येतें. त्यामुळें किनाऱ्याजवळच्या तळ्यांत क्लोराइड अधिक, आणि जों जों आंत जावें तों तों कमी. उलट पक्षीं, माणसानें खाल्लेलें मीठ मोरींतून व शौचकूपांतून बाहेर पडतें आणि माती तें अडवीत नाहीं. म्हणजे एखाद्या ठिकाणीं निसर्गतः किती क्लोराइड असावें हें ठाऊक असलें, तर त्याहून जितकें अधिक सांपडेल तितकी माणसाची घाण तेथें पोंचली, असें समजावयाचें. नुसता आंकडा पाहून कांहीं उमगत नाहीं. कोंकणांतील विहिरींत जो आंकडा साधा, तोच देशावरच्या विहिरींत संशयास्पद. नकाशावर सारख्या क्लोराइडाचीं ठिकाणें रेषांनीं जोडलीं होतीं. त्या रेषांजवळ आपल्या गांवची विहीर ठेवून पाहिली कीं उत्तर मिळे. घाण ताजी कीं जुनी, हें नायट्रोजनाच्या रूपांवरून कळे. अमोनिया अधिक असेल तर ती नुकतीच आलेली. नायट्रेट अधिक असेल तर ती कुजून बराच काळ लोटलेला.

हें सारें कागदावरचें शास्त्र नव्हतें. मेरिमॅक नदीच्या वरच्या अंगास लोवेल शहर आपलें सांडपाणी सोडी आणि खालीं लॉरेन्स शहर तेंच पाणी पीत असे. १८९०–९१ च्या सुमारास दोन्ही शहरांत विषमज्वराची सांथ आली. त्याच मंडळानें १८८७ त लॉरेन्स येथें प्रयोगकेंद्र काढलें होतें. तेथील अनुभवावरून १८९३ सालीं शहरासाठीं वाळूचा मोठा गाळणा बांधण्यांत आला आणि विषमज्वराचे मृत्यु झपाट्यानें उतरले.

त्याच सुमारास संस्थेंत आरोग्य-अभियांत्रिकीचा स्वतंत्र पाठ्यक्रम सुरू झाला. अमेरिकेंतील अशा पहिल्या पाठ्यक्रमांत त्याची गणना होते. या विद्यार्थ्यांना नळ, धरणें व गटारें यांच्या गणितावरच सोडून न देतां, पाणी, हवा व सांडपाणी यांचें पृथक्करण हातानें करावयास लावीत. आणि तें शिकवीत रिचर्ड्सबाई. आजही या विषयाचा विद्यार्थी क्लोराइडचें मापन शिकतो. कांचेच्या नळींतून रौप्य नायट्रेट थेंब थेंब सोडीत, पिवळ्या पाण्यावर विटकरी छटा केव्हां येते याकडे डोळे लावून तो बसतो.

पुढें हवा, पाणी व अन्न यांवर त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर पाठ्यपुस्तक लिहिलें; तें १९०० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या हाताखालून गेलेले तरुण शहरांच्या पाणीपुरवठ्यावर अधिकारी झाले. त्यांचा स्वतःचा हुद्दा मात्र १८८४ सालीं होता तोच राहिला. १९१० त स्मिथ या स्त्रियांच्या कॉलेजानें त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली; तेव्हां त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पुढील वर्षीं ३० मार्च रोजीं त्या वारल्या. सत्तावीस वर्षें शिकवूनही संस्थेच्या दफ्तरीं त्या शिक्षिकाच होत्या.