सुरतेचा गलका आणि हरिपुऱ्याचे कर्णे

२६ डिसेंबर १९०७ रोजी तापीकाठी सुरत शहरात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांच्या नावास अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती देशभर होती. परंतु मंडपात असा गलका उसळला की त्यांचे शब्द त्यात बुडून गेले आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले व बोलण्याचा हक्क मागू लागले. तो नाकारला जाताच ते हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. इतक्यात एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उगारल्या गेल्या आणि सभा मोडली.

जहाल-मवाळांच्या या फुटीची कारणे खोल होती. तथापि त्या काळच्या सभेची एक मर्यादाही तेथे उघडी पडली. वक्त्याचा आवाज त्याच्या छातीत जेवढा दम असेल तेवढाच पोहोचे. मागच्या रांगांना केवळ हातवारे दिसत.

ही मर्यादा ओलांडणारे यंत्र लवकरच निर्माण झाले. अमेरिकेत जेन्सन व प्रिडहॅम या दोघांनी १९१५ मध्ये ध्वनिवर्धक सिद्ध केला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण सॅन दिएगो येथे हजारोंच्या समुदायास त्याच्या साहाय्याने ऐकविण्यात आले. आपल्याकडे नानिक मोटवानी यांनी हे कार्य अंगावर घेतले. आपला आवाज सर्वांस ऐकू जावा म्हणून गांधीजींना एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जावे लागते, हे त्यांनी पाहिले होते. १९३१ च्या कराची अधिवेशनापासून त्यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिवर्धक राष्ट्रसभेच्या सेवेस लागले.

पुढे गांधीजींच्या आग्रहाने अधिवेशने खेड्यांत भरू लागली. पहिले खानदेशात फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये झाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे, पुन्हा तापीच्याच काठी, एक्कावन्नावे अधिवेशन भरले. एक्कावन्न बैलांच्या रथातून अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक निघाली, आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून त्यांनी विशाल समुदायाशी भाषण केले.

अशा मैदानात एकच कर्णा पुरत नाही. अनेक कर्णे जोडावे लागतात, आणि येथेच नवी अडचण उद्भवते. तारेतून वीज क्षणार्धात पोहोचते. हवेतून ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. एक कर्णा दुसऱ्यापेक्षा ३४ मीटर दूर असेल, तर त्याचा शब्द श्रोत्याच्या कानी एक दशांश सेकंद उशिरा येतो आणि शब्दांत शब्द मिसळतात. यावर उपाय असा की, लहान कर्णे जवळजवळ बसवावे, त्यांची तोंडे एकाच दिशेस ठेवावी आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या टापूपुरताच राखावा. दुसरा ध्वनी अगदी अल्प अंतराने आला तर कान त्यास पहिल्यातच सामावून घेतो, हे जर्मन संशोधक हास यांनी १९४९ मध्ये दाखविले.

कानाच्या याच स्वभावावर सभोवार ध्वनीची कला उभी आहे. मात्र सर्व कर्ण्यांतून एकच आवाज सोडला तर तो मोठा होतो, श्रोत्यास वेढत नाही. त्यासाठी पुढच्या व मागच्या कर्ण्यांना निरनिराळा ध्वनी द्यावा लागतो. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटॅसिया’ने १९४० मध्ये चित्रगृहात तो प्रयोग केला. आज घरच्या संगणकास स्पीकरचे दोन-तीन संच जोडणारा हौशी मनुष्य तोच नियम पाळतो.

हरिपुऱ्यानंतर चार वर्षांनी मैदानेही बंद झाली. सभा नाहीत, पुढारी तुरुंगात, अशा ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्याच्या अग्रभागी असलेल्या उषा मेहता या सुरत जिल्ह्यातल्याच सरस गावच्या. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या व त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच खटल्यात नानिक मोटवानी हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले.

१९०७ मध्ये टिळकांनी मागितला होता तो बोलण्याचा हक्क. यंत्राने आवाज दूरवर नेला. तो हक्क मात्र यंत्रास देता आला नाही. त्यासाठी माणसांनाच तुरुंगात जावे लागले.